शैक्षणिक साधनांची गरज : मोजावी कशी, ठरवावी कोणी?

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंडाची तरतूद त्यात होती. गावोगावची मुले शाळेच्या दारापर्यंत आणणे, हा त्या काळचा प्रश्न होता. आज कोल्हापूर जिल्ह्यात हा प्रश्न बहुतांशी सुटलेला आहे. जिल्हा परिषदेची ‘विद्या मंदिरे’ वाड्यावस्त्यांपर्यंत पोहोचली आहेत. आता विचार करावयाचा आहे तो शाळेत आलेल्या मुलापुढे काय ठेवावे याचा.

संगणक, स्मार्ट टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आणि इंटरनेट ही साधने खेड्यातील मुलांनाही मिळावीत, याविषयी दुमत नाही. शासनाच्या योजना, जिल्हा परिषदेचा स्वनिधी, ग्रामपंचायतींचा निधी, साखर कारखाने व उद्योगसंस्थांच्या देणग्या आणि गावकऱ्यांचा ‘शैक्षणिक उठाव’ अशा अनेक वाटांनी ती शाळांत येत असतात. तथापि कोणत्या शाळेला कोणते साधन, किती प्रमाणात आणि कशासाठी हवे, हे ठरविण्याची रीत मात्र सर्वत्र सारखी विकसित झालेली नाही. यादीत ‘नाही’ असे दिसले की गरज आहे असे मानावयाचे आणि संच पोहोचला की गरज भागली असे समजावयाचे, हीच पद्धत पुष्कळदा रूढ आहे. या पद्धतीत पैसा खर्च होतो, परंतु मुलाची अडचण दूर होईलच अशी शाश्वती राहत नाही. म्हणून जिल्ह्याच्या पातळीवर साधनांच्या गरजेचे मूल्यमापन कसे करावे, याचा थोडा तपशिलाने विचार करणे अगत्याचे आहे.

एक जिल्हा, भिन्न परिस्थिती

कोल्हापूर जिल्ह्यात बारा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाख ७६ हजार आणि साक्षरतेचे प्रमाण ८१.५ टक्के होते. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळांची संख्या दोन हजारांच्या घरात आहे. जिल्ह्याची ही सरासरी समाधानकारक वाटली, तरी शाळाशाळांमधील अंतर तिच्यात झाकले जाते.

शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या तालुक्यांचा मोठा भाग सह्याद्रीच्या कुशीत वसलेला आहे. गगनबावड्यास वर्षाकाठी सुमारे पाच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर शिरोळकडे तो पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास राहतो. डोंगरी भागात शाळा सुरू होण्याचा महिना आणि वीज खंडित होण्याचा महिना एकच असतो. धनगरवाड्यांवरील व लहान वाड्यांवरील शाळांचा पट कमी असतो. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ मधील निकषानुसार साठपर्यंत पट असलेल्या प्राथमिक शाळेस दोन शिक्षक मिळतात. म्हणजेच चार किंवा पाच इयत्तांचे अध्यापन दोनच शिक्षकांना करावे लागते. एका इयत्तेला शिकवीत असताना शेजारी बसलेल्या दुसऱ्या इयत्तेने काय करावे, ही तेथील रोजची अडचण आहे.

पूर्वेकडील परिस्थिती निराळी आहे. हातकणंगले व शिरोळ तालुक्यांत गावे मोठी, रस्ते चांगले आणि वीजपुरवठा तुलनेने स्थिर आहे. परंतु पंचगंगा व कृष्णा यांच्या काठच्या गावांना २००५, २०१९ व २०२१ या वर्षी महापुराचा तडाखा बसला. पुरात शाळेची कपाटे व संगणक पाण्याखाली गेले की वर्षांची जमवाजमव एका आठवड्यात नष्ट होते. इचलकरंजीच्या यंत्रमाग परिसरात परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले शाळेत असतात आणि त्यांची घरची भाषा मराठी नसते. ऊस गळिताच्या हंगामात ऊसतोड मजुरांबरोबर मराठवाड्यातून मुले येतात व हंगाम संपताच परत जातात.

या सर्व शाळांना एकाच प्रकारचा संच, एकाच वेळी आणि एकाच संख्येने दिला, तर वाटप समान झाले असे म्हणता येईल. गरज मात्र भागलेली नसेल.

मागील अनुभव

साधनांच्या आधारे शिकविण्याचा प्रयत्न देशाला नवा नाही. १९७५-७६ साली उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणीचे शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. महाराष्ट्रात १९८४ साली पुणे येथे ‘बालचित्रवाणी’ ही संस्था स्थापन झाली. तिने मराठीतून शालेय कार्यक्रमांची निर्मिती केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर खडू-फळा मोहीम आली. त्याच सुमारास शाळांना दूरचित्रवाणी संच व रेडिओ-कॅसेट प्लेअर पुरविण्याची केंद्रपुरस्कृत योजनाही सुरू झाली. पुढे २००४ पासून माध्यमिक शाळांत संगणक कक्ष उभारण्याची योजना राबविण्यात आली. ठेकेदार संस्थेने यंत्रे बसवावीत, ठराविक मुदतीपर्यंत चालवावीत व नंतर ती शाळेच्या स्वाधीन करावीत, अशी पद्धत राज्यात त्यासाठी अवलंबिली गेली. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला आणि ‘डिजिटल शाळा’ हा शब्द गावोगाव रूढ झाला. २०१७ साली ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. त्याच वर्षी ‘बालचित्रवाणी’ बंद करण्यात आली.

करोनाच्या साथीत मार्च २०२० पासून शाळा बंद झाल्या, तेव्हा या सर्व प्रयत्नांची कसोटी लागली. २० जुलै २०२० पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीच्या मुलांसाठी ‘टिलीमिली’ ही मालिका प्रसारित झाली. ज्या घरात मोबाइल नव्हता, पण टीव्ही होता, तेथील मुलांपर्यंत ती पोहोचू शकली. नवीनतम यंत्र हेच सर्वांत उपयुक्त यंत्र असते असे नाही. मुलाच्या घरी जे आधीपासून आहे, त्याचा आधार घेणारे साधन अनेकदा अधिक कामास येते, हा त्या काळाचा धडा होय.

मोबाइलच्या बाबतीतही असाच विवेक करावा लागतो. ‘असर’ या ग्रामीण सर्वेक्षणाच्या २०२४ च्या अहवालात १४ ते १६ वयोगटातील सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन असल्याचे आढळले. घरात फोन असणे आणि अभ्यासाच्या वेळी तो मुलाच्या हाती असणे यांत मात्र फरक आहे. वडिलांबरोबर शेतावर किंवा कारखान्यावर गेलेला फोन संध्याकाळीच परत येतो. घरातील मोठ्या भावाचा हक्क धाकट्या बहिणीच्या आधी लागतो. गरज मोजताना ‘आहे काय’ या प्रश्नाच्या जोडीला ‘केव्हा व कोणाला मिळतो’ हा प्रश्नही विचारावा लागतो तो यासाठीच.

परदेशांतील अनुभवही विचारात घेण्यासारखा आहे. पेरू या देशाने ‘दर मुलास एक लॅपटॉप’ हा कार्यक्रम मोठ्या प्रमाणावर राबविला. आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी तेथील ३१९ ग्रामीण प्राथमिक शाळांची पाहणी करून २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. कार्यक्रम राबविलेल्या शाळांत दर विद्यार्थ्यामागे संगणकांचे प्रमाण ०.१२ वरून १.१८ पर्यंत गेले होते. गणित व भाषा या विषयांतील प्रगतीत मात्र फरक दिसून आला नाही. त्याच कार्यक्रमाचा एक लहान प्रयोग आपल्या राज्यातही २००७ साली रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातील खैराट येथील एकशिक्षकी शाळेत झाला होता. यंत्रांची संख्या वाढल्याने शिक्षण आपोआप सुधारत नाही, एवढा बोध पेरूच्या पाहणीतून निश्चित घेता येतो.

नोंदवहीतील संच आणि वर्गातील संच

प्रत्येक शाळेची माहिती आता ‘यू-डायस प्लस’ या प्रणालीत दरवर्षी भरली जाते. या माहितीनुसार २०२४-२५ मध्ये देशातील ६४.७ टक्के शाळांत संगणकाची व ६३.५ टक्के शाळांत इंटरनेटची सोय होती. आधल्या वर्षी हीच प्रमाणे अनुक्रमे ५७.२ व ५३.९ टक्के होती. वाढ स्वागतार्ह आहे आणि नियोजनाचा आरंभ याच माहितीपासून करावयास हवा. चालू स्थितीतील संगणक किती, वीजजोडणी कार्यरत आहे काय, असे प्रश्न या प्रणालीत असल्याने मुख्याध्यापकाने ही माहिती काळजीपूर्वक भरणे हे गरजेच्या मूल्यमापनाचे पहिले पाऊल ठरते.

परंतु ही माहिती म्हणजे संपूर्ण मूल्यमापन नव्हे. शाळेच्या जडवस्तू संग्रह नोंदवहीत, म्हणजे शिक्षकांच्या बोलण्यातील ‘डेडस्टॉक रजिस्टर’मध्ये, एकदा नोंदलेला संच निर्लेखित होईपर्यंत तसाच राहतो. तो चालू आहे की कपाटात आहे, आठवड्यातून किती तास वापरात आहे आणि कोणत्या इयत्तेसाठी, हे त्या नोंदीवरून कळत नाही. निर्लेखनाची कार्यवाही लांबल्यामुळे नादुरुस्त यंत्रे वर्षानुवर्षे खोली अडवून बसतात आणि ‘शाळेत संगणक आहेत’ या नोंदीमुळे नव्या मागणीस अडसरही ठरतात. त्यामुळे गरजेच्या पाहणीत नादुरुस्त साधनांची स्वतंत्र यादी करणे, दुरुस्त होण्याजोगी यंत्रे वेगळी काढणे आणि उरलेली ई-कचऱ्याच्या नियमांनुसार अधिकृत संस्थेकडे सोपविणे, हा भाग आवर्जून असला पाहिजे. काही शाळांची गरज नव्या संचाने नव्हे, तर एखाद्या केबलने, बॅटरीने किंवा नीट केलेल्या अर्थिंगने भागू शकते, असे अशा तपासणीत आढळून येते.

आणखी एका गोष्टीची सरमिसळ टाळली पाहिजे. शाळेला माहिती भरण्यासाठी, शिष्यवृत्तीचे अर्ज पाठविण्यासाठी आणि पोषण आहाराच्या नोंदींसाठी संगणक व इंटरनेट लागते. ही कार्यालयीन गरज खरी आहे. ती भागली नाही तर शिक्षकाचा अध्यापनाचा वेळ स्वतःच्या मोबाइलवर माहिती भरण्यात जातो. पण ती अध्यापनाची गरज नव्हे. दोहोंची मागणी एकत्र नोंदविली की मुलांसाठी आलेला संगणक कार्यालयाच्या टेबलावर स्थिरावतो आणि मुलांच्या वाट्याला पुन्हा काहीच येत नाही.

अडचणीपासून आरंभ

‘आपल्या शाळेस संगणक हवा आहे काय?’ असा प्रश्न विचारला, तर जिल्ह्यातील प्रत्येक शाळेकडून ‘होय’ असेच उत्तर येईल. अशा उत्तरांतून प्राधान्यक्रम लागत नाही. ‘कोणत्या इयत्तेला, कोणत्या विषयातील, कोणता घटक शिकविताना आज अडते?’ हा मूल्यमापनाचा पहिला प्रश्न असावयास हवा. साधनाचे नाव त्यानंतर यावे.

असे विचारले की उत्तरे वेगवेगळी येऊ लागतात. दोनशिक्षकी शाळेत शिक्षक तिसरी-चौथीला गणित शिकवीत असताना पहिली-दुसरीच्या मुलांना गोष्टी व गाणी ऐकवणारा, पेन ड्राइव्हवर चालणारा व चार्ज करता येणारा साधा स्पीकर अधिक उपयोगी पडेल. त्यास इंटरनेट लागत नाही आणि वीज गेली तरी तो काही तास चालतो. मोठ्या पटाच्या उच्च प्राथमिक शाळेत रक्ताभिसरण, ग्रहणे किंवा ज्वालामुखी हे घटक चित्रफितीने चांगले समजतील. तेथे मोठ्या पडद्याचा टीव्ही योग्य ठरेल. चुंबक, भिंग व विद्युतमंडल शिकविण्यासाठी मात्र पडद्यापेक्षा विज्ञान पेटी सरस, कारण तेथे मुलाच्या हाताला काम मिळते. इंग्रजी उच्चारांसाठी ध्वनिफीत हवी. घरची भाषा वेगळी असलेल्या मुलांसाठी चित्रकोश व दोन्ही भाषांतील ध्वनिसाहित्य हवे. दृष्टिदोष असलेल्या मुलास मोठ्या अक्षरांचा पडदा किंवा वाचून दाखविणारी सोय हवी. ती एकाच मुलासाठी असली तरी गरजच समजली पाहिजे.

आणि जेथे चौथीतील मुले दुसरीचा उतारा अडखळत वाचतात, तेथे पहिली गरज यंत्राची नसून श्रेणीबद्ध गोष्टींच्या पुस्तकांची व सरावाच्या वेळेची असते. गरजेच्या मूल्यमापनातून ‘यंत्र नको’ असेही उत्तर येऊ शकले पाहिजे. तसे उत्तर देणाऱ्या शाळेस मागे पडलेली शाळा न समजता तिला तेवढ्याच तत्परतेने पुस्तके मिळाली, तरच शिक्षक मोकळेपणाने खरी माहिती देतील.

शाळा, केंद्र आणि जिल्हा

दोन हजार शाळांचे असे मूल्यमापन एका कार्यालयातून होणे शक्य नाही. त्यासाठी अस्तित्वात असलेली त्रिस्तरीय रचनाच उपयोगात आणता येईल.

पहिला स्तर शाळेचा. शिक्षण हक्क अधिनियमाने प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समितीची तरतूद केली आहे. समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या महिला असाव्यात, असा नियम आहे. शाळा विकास आराखडा तयार करणे हे या समितीचे काम होय. साधनांची गरज या आराखड्याचाच एक भाग म्हणून नोंदविली जावी. मुख्याध्यापक अध्यापनातील अडचणी सांगू शकतील. गावात वीज केव्हा जाते, शाळेची खोली गळते काय, सुटीत संच कोठे सुरक्षित राहील आणि गावातील कोण दुरुस्तीची जाण असलेला आहे, हे पालक सांगू शकतील. या दोन्ही माहितींवाचून मागणी अपुरी राहते.

दुसरा स्तर केंद्राचा. केंद्रप्रमुखांच्या अखत्यारीतील शाळा एकमेकींपासून फार दूर नसतात. शिक्षण परिषदेत शिक्षक नियमितपणे एकत्र येतात. शाळांनी भरलेली माहिती तेथे वाचून दाखविली, तर अतिशयोक्ती आपोआप गळून पडते आणि राहून गेलेल्या गोष्टी ध्यानात येतात. पडताळणीसाठी दर दहा शाळांमागे एका शाळेस दुसऱ्या केंद्राच्या केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष भेट द्यावी. साऱ्या जिल्ह्यात अशा सुमारे दोनशे भेटी होतील. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या अधिव्याख्यात्यांनी त्यांपैकी काही शाळांत वर्गनिरीक्षण केले, तर शिक्षकांना कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे हेही त्याच वेळी समजेल.

साधनांचा सामायिक वापर हाही केंद्राच्या स्तरावरच ठरविता येईल. या विचारामागे कोल्हापूरच्याच एका सुपुत्राचा हातभार आहे. आजरा तालुक्यातील बहिरेवाडी येथे जन्मलेले आणि गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत अग्रभागी असलेले शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक हे १९६४-६६ च्या शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. शेजारच्या शाळांचा समूह करून, प्रत्येक शाळेस स्वतंत्रपणे देता न येणाऱ्या सोयी त्या समूहास मिळून द्याव्यात, अशी शिफारस या आयोगाने केली होती. प्रत्येक लहान शाळेस प्रोजेक्टर देण्याऐवजी केंद्रशाळेत एक चांगला प्रोजेक्टर व एक बॅटरी-संच ठेवून तो वेळापत्रकानुसार शाळाशाळांत फिरविता येईल. मात्र तो नेण्या-आणण्याची जबाबदारी व मोडतोडीची भरपाई आधीच लेखी ठरलेली असावी. ती ठरलेली नसेल, तर मोडतोडीच्या भीतीने साधन केंद्रशाळेच्या कपाटाबाहेर निघत नाही.

तिसरा स्तर तालुका व जिल्ह्याचा. गटशिक्षणाधिकारी व शिक्षणाधिकारी यांच्या कार्यालयांनी आलेल्या माहितीवरून शाळांचे गट पाडावेत. हे गट तालुक्यांच्या सीमेनुसार नव्हेत, तर परिस्थितीनुसार असावेत. वीज व मोबाइलची रेंज अनिश्चित असलेल्या लहान शाळांचा एक गट होईल, पूररेषेतील शाळांचा दुसरा, मोठ्या पटाच्या शाळांचा तिसरा आणि हंगामी स्थलांतरित मुले असलेल्या शाळांचा चौथा. पन्हाळ्यातील एखादी वाडी व चंदगडमधील एखादी वाडी एकाच गटात येऊ शकेल. प्रत्येक गटासाठी साधनांचा निराळा संच ठरविता येईल. पूररेषेतील शाळांना भिंतीवर उंच बसविलेले किंवा उचलून सहज हलविता येणारे साधन द्यावे, खालच्या टेबलावर मांडलेला संगणक कक्ष देऊ नये. इतका साधा निर्णयसुद्धा असे गट पाडल्याशिवाय सुचत नाही.

खर्चाचा पूर्ण हिशेब

साधनाच्या किमतीकडे सर्वांचे लक्ष असते, पण ते चालविण्याच्या खर्चाचा विचार क्वचितच होतो. समग्र शिक्षा योजनेच्या निकषांत शाळेतील संगणक कक्षासाठी एकवेळचा खर्च ६ लाख ४० हजार रुपयांपर्यंत आणि आवर्ती खर्च दरवर्षी २ लाख ४० हजार रुपयांपर्यंत, पाच वर्षांसाठी धरण्यात आला होता. म्हणजे पाच वर्षांत आवर्ती खर्च १२ लाखांपर्यंत जातो. तो मूळ किमतीच्या जवळपास दुप्पट आहे. देणगीतून आलेल्या यंत्राबरोबर हा आवर्ती खर्च येत नाही. म्हणून देणगी स्वीकारताना पुढील पाच वर्षांची देखभाल कोण करणार, हे देणाऱ्याशी व ग्रामपंचायतीशी बोलून ठरविणे हिताचे.

वीजबिलाचा प्रश्न याहून साधा आहे, पण तोच अनेकदा मोठा होऊन बसतो. शंभर वॅटचा टीव्ही रोज दोन तास, वर्षातील २०० कामकाजाचे दिवस चालला, तर तो ४० युनिट वीज वापरतो. तीनशे वॅटचा प्रोजेक्टर तेवढ्याच वेळात १२० युनिट वापरील. हा वापर फार नाही. मात्र स्थिर आकार दरमहा, अगदी मे महिन्याच्या सुटीतही भरावा लागतो आणि थकबाकी साचली की जोडणी तोडली जाते. समग्र शिक्षाच्या संयुक्त शाळा अनुदानाच्या निकषांत तीसपर्यंत पटाच्या शाळेस वर्षाला १० हजार रुपये व ३१ ते १०० पटाच्या शाळेस २५ हजार रुपये धरलेले होते. स्वच्छता, खडू, दुरुस्ती व स्टेशनरी भागवून उरलेल्या रकमेत वीजबिल बसवावे लागते. डोंगरी तालुक्यांतील लहान शाळांची अडचण यावरून ध्यानात येईल. सौर पॅनेल हा उपाय योग्य आहे. तथापि गगनबावडा किंवा राधानगरीच्या पश्चिम भागात जून ते सप्टेंबर ऊन क्वचितच पडते, तसेच बॅटरी काही वर्षांनी बदलावी लागते. हे दोन्ही मुद्दे अंदाजपत्रकात आधीच धरलेले असावेत.

शिक्षकांचा वेळ हाही खर्चच होय. नवे साधन वापरण्याचे प्रशिक्षण एका दिवसात उरकले, तर शिक्षक ते चालू-बंद करावयास शिकतो. कोणत्या पाठात, किती मिनिटे व कशासाठी वापरावे, हे शिकण्यास वर्गातील सराव व सहकाऱ्यांशी चर्चा लागते. बदलीने शिक्षक गेला की त्याच्याबरोबर ते कौशल्यही जाते. म्हणून प्रत्येक शाळेत किमान दोघांना ते येत असणे आवश्यक आहे.

समान वाटप की न्याय्य वाटप

जे. पी. नाईक यांनी भारतीय शिक्षणाचे वर्णन समता, गुणवत्ता व संख्या यांचा त्रिकोण असे केले होते. एक बाजू ओढली की दुसरी सैल पडते, असा हा त्रिकोण आहे. साधनांच्या बाबतीतही तेच घडते. ‘जिल्ह्यातील सर्व शाळा डिजिटल’ असा संख्येचा टप्पा लवकर गाठता येतो. रस्त्यालगतच्या, मोठ्या गावच्या, लोकवर्गणी सहज जमणाऱ्या शाळा त्यात आधी पूर्ण होतात. वाडीवरची शाळा शेवटी राहते आणि तिच्यासाठी उरतो तो उरलासुरला संच. ज्या मुलांच्या घरी पुस्तक, वर्तमानपत्र व फोन यांपैकी काहीच नाही, त्यांना शाळेतील साधनाची गरज सर्वांत अधिक असते, हे लक्षात घेता हा क्रम उलटा व्हावयास हवा.

शैक्षणिक उठावातून गावे जे उभे करतात ते कौतुकास्पद आहे. परंतु ज्या गावांत तशी ऐपत नाही, तेथे शासकीय निधी प्रथम जावा, असे तत्त्व जिल्हा नियोजनात स्वीकारले गेले, तर दोन्ही प्रयत्न एकमेकांस पूरक ठरतील. त्यासाठी कोणत्या शाळेस कोणत्या मार्गाने काय मिळाले, याची एकत्रित यादी पंचायत समितीच्या कार्यालयात उपलब्ध असणे जरुरीचे आहे. अन्यथा एकाच शाळेस दोन योजनांतून दोन संच मिळतात आणि शेजारची वाडी कोरडी राहते.

समितीच्या बैठकीत विचारावयाचे प्रश्न

१. कोणत्या इयत्तेला, कोणता घटक शिकविताना अडचण येते? ती पुस्तकाने वा साध्या साहित्याने दूर होईल काय?
२. शाळेत आज असलेले प्रत्येक साधन मागील महिन्यात किती दिवस, कोणत्या इयत्तेसाठी चालले? नसल्यास का?
३. वीज दिवसातून किती वेळ असते? पावसाळ्यात किती? बिल कोणत्या निधीतून भरले जाते?
४. इंटरनेट वर्गात पोहोचते काय? न पोहोचल्यास साहित्य उतरवून ठेवण्याची सोय आहे काय?
५. साधन कोणत्या खोलीत राहील? ओल, उंदीर, चोरी व पूर यांपासून ते सुरक्षित आहे काय?
६. ते वापरू शकणारे किमान दोन शिक्षक आहेत काय? कोणत्या प्रशिक्षणाची गरज आहे?
७. बिघडल्यास दुरुस्ती कोण, किती दिवसांत व कोणाच्या खर्चाने करील?
८. मुली, दिव्यांग मुले व स्थलांतरित मुले यांना त्याचा वापर करावयास मिळेल याची व्यवस्था काय?

या प्रश्नांची उत्तरे एका पानात मावतात. जून महिन्यात शाळा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या बैठकीत ती लिहून काढावीत, ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यासाठी त्यांची प्रत मागून घ्यावी आणि वर्षअखेरीस तेच पान पुन्हा समोर ठेवून काय बदलले ते पाहावे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर वर्षभरात सुधारले असेल, तर शाळेला आणखी साधन देण्यास हरकत नाही. ते तसेच राहिले असेल, तर नवा संच मागण्यापूर्वी असलेला संच का चालला नाही, याचा शोध मुख्याध्यापक, पालक व पंचायत सदस्य यांनी एकत्र बसून घेणे अधिक फलदायी होईल.